समजलं आणि नाही

तास संपायला आठेक मिनिटं होती. कर्तरी, कर्मणी, भावे असे तिन्ही प्रयोग शिकवून झाले होते, मागच्या बाकावर पाहुणे बसले होते (तपासणी नाही, सहज बघायला आलोय असं म्हणाले होते, म्हणजे तपासणीच), आणि मला वाटलं शेवटी काहीतरी झकास करून दाखवावं. तास कॉम्प्युटर रूममध्येच होता. मुलांना लिंक दिली, आजच्या तासाबद्दल एका-दोन शब्दांत लिहा म्हटलं, आणि भिंतीवर वर्ड क्लाउड (म्हणजे शब्दांचा ढग, जो शब्द जास्त वेळा येतो तो मोठा दिसतो) तयार व्हायला लागला. शब्द येतायत, फुगतायत, एकमेकांना ढकलून जागा करतायत, मुलं ओरडतायत तो बघ माझा, तो बघ माझा. मिनिटाभरात मधोमध भलामोठा निळा "समजलं" येऊन बसला. खाली "छान", बाजूला "मस्त". उजव्या कडेला नारिंगी रंगात उभा लावलेला "नाही", आणि त्याला अगदी खेटून बारीकसा "कंटाळा". पाहुण्यांपैकी एकांनी ते मोठ्यांदा वाचलं, "कंटाळा नाही! वा, वा." टाळ्या झाल्या.

घरी जाऊन सहज म्हणून मूळ उत्तरांची यादी उघडली. ३२ उत्तरं होती. त्यातली ११ "समजलं नाही" अशी होती. टूलने मधल्या स्पेसवर त्याचे दोन तुकडे केले, "समजलं" एका जागी टाकलं, "नाही" दुसरीकडे. नुसतं "समजलं" लिहिणारी मुलं होती ६. पण ढगात तो शब्द झाला १७ चा. म्हणजे जितक्या जास्त मुलांना समजलं नाही तितकं भिंतीवरचं "समजलं" फुगत गेलं, आणि मी त्याच्यासमोर उभी राहून टाळ्या घेत होते. "कंटाळा" लिहिणारी तिघं होती, त्यांनी पुढेमागे "नाही" वगैरे काही लिहिलेलं नव्हतं, तिथे जागा रिकामी होती म्हणून मशीनने शेजारी बसवलं एवढंच.

तेव्हापासून माझं एक मत झालंय आणि ते दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय. मुलांना काय कळलं याचा पुरावा म्हणून वर्ड क्लाउड वापरणं आपण बंद करावं. तासाच्या शेवटी नाही, फीडबॅक म्हणून नाही, अहवालात चिकटवायला तर नाहीच नाही. ट्रेनिंगमध्ये आपल्याला हेच शिकवतात, की मुलांकडून शब्द गोळा करा, क्लाउड बनवा, स्क्रीनशॉट काढा, ग्रुपवर टाका, झालं तंत्रज्ञानाचं एकात्मीकरण. आणि स्क्रीनशॉट छानच दिसतो, त्यामुळे तो कुणी वाचत नाही. वापरायचा असेल तर मात्र एका वेगळ्या ठिकाणी वापरता येतो, आणि तिथे तो खरंच कामाचा आहे. त्याबद्दल पुढे लिहितेच, पण आधी हे यंत्र करतं काय ते बघू, कारण मी स्वतः दोनेक वर्षं वापरून झाल्यावर मला ते कळलं.

करतं फार थोडं. मजकूर घेतो, स्पेसवर तोडतो, कुठला तुकडा किती वेळा आला ते मोजतो, जास्त वेळा आलेला मोठ्या अक्षरात काढतो आणि सगळे जिथे मावतील तिथे बसवतो. रंग मनाला येईल तो, जागा सापडेल ती, आडवा की उभा तेही नशिबावर. २००८ साली जोनाथन फाइनबर्ग या आयबीएममधल्या माणसाने वर्डल नावाची साइट काढली (हल्लीचं ते पाच अक्षरांचं कोडं नव्हे, ते खूप नंतरचं) आणि शिक्षकांमध्ये हा प्रकार तिथून पसरला. ती जावा नावाच्या तंत्रावर चालायची, ब्राउझरांनी जावा बंद केल्यावर ती मागे पडली. टॅगझेडो नावाची दुसरी एक होती, ती सिल्व्हरलाइट नावाच्या तंत्रावर चालायची, तेही गेलं. आता मेंटिमीटर, स्लायडो, वर्डआर्ट असे ढीगभर आहेत. नावं बदलली, काम तेच, मोजा आणि फुगवा.

आता मोजणं वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. शब्द मोजून मजकुराचा अंदाज घेणं ही जुनी आणि हुशारीची गोष्ट आहे. १९५८ मध्ये हान्स पीटर लून या आयबीएमच्याच संशोधकाने लेखांचे सारांश मशीनकडून काढून घ्यायची एक पद्धत मांडली होती, ती शब्दांच्या वारंवारितेवरच उभी होती. पण त्यात दोन गोष्टी होत्या ज्या आपल्या क्लाउडमध्ये नाहीत. एक म्हणजे लूनचं म्हणणं असं, की सगळ्यात जास्त वेळा येणारे शब्द कामाचे नसतात, ते नुसता भराव असतात, अगदी क्वचित येणारेही सोडून द्यायचे, महत्त्वाचे शब्द मधल्या पट्ट्यात सापडतात. आपला ढग बरोबर उलटं करतो, सगळ्यात वरच्यालाच डोक्यावर घेतो. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. लूनची पद्धत शब्दांवर थांबत नव्हती. महत्त्वाचे शब्द सापडले की ते कुठल्या वाक्यांमध्ये दाटीने आलेत ते बघायचं, आणि ती वाक्यं उचलून सारांश करायचा. म्हणजे शब्दाकडून परत वाक्याकडे. पंचकार्डांच्या काळातलं मशीन वाक्यापर्यंत परत जात होतं आणि आपण भिंतभर स्क्रीन असताना शब्दावर थांबतो, चित्र काढतो आणि घंटा होते.

तशीच दुसरी गोष्ट पॅरिसच्या नकाशाची. स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९७६ च्या सुमारास पॅरिसच्या रहिवाशांच्या मनातलं पॅरिस कसं आहे याचा अभ्यास केला होता, डेनिज जोडले यांच्याबरोबर. लोकांनी जी ठिकाणं सांगितली त्यांची नावं नकाशावर लिहिली, जास्त लोकांनी सांगितलेलं नाव मोठं, कमी लोकांनी सांगितलेलं लहान. वर्ड क्लाउडचा पूर्वज म्हणून याचं नाव नेहमी घेतात. पण तिथे शब्दाची जागा ही खरी जागा होती! नाव जिथे लिहिलंय तिथेच ते ठिकाण आहे, शेजारची नावं खरोखर शेजारची आहेत. आपण त्यातला आकार तेवढा घेतला आणि नकाशा फेकून दिला. पण माणसाचा डोळा शेजारी दिसलं की नातं जोडतोच, त्याला तुम्ही थांबवू शकत नाही. "कंटाळा नाही" वाचणारे पाहुणे काही बावळट नव्हते, डोळा जे करतो तेच त्यांनी केलं.

आणि आकाराचं तरी काय? विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये आलेखांवर प्रयोग केले, माणसाला नजरेने कशाचा अंदाज चांगला येतो यावर. एकाच रेषेवर उभ्या असलेल्या गोष्टींची तुलना माणूस सगळ्यात अचूक करतो, लांबीचीही बरी करतो, क्षेत्रफळाचा अंदाज मात्र बराच चुकतो. म्हणजे साधा स्तंभालेख काढला असता तर माझ्या वर्गातल्या सगळ्यांना १७ आणि ११ मधला फरक दिसला असता. ढगात काय होतं, की अक्षराची उंची दुप्पट केली की रुंदीही वाढते, तो शब्द चौपट जागा खातो, आणि त्यातून शब्द लांब असेल तर बघायलाच नको. "पर्यावरण" आणि "झाड" दोन्ही दहा-दहा वेळा आले तरी मुलं सांगणार पर्यावरण जास्त. मी विचारून बघितलंय.

इथपर्यंतचं जगातल्या कुठल्याही वर्गाला लागू आहे. पण मराठीत शिकवणाऱ्यांनी पुढचं जरा नीट वाचा, कारण आपल्या भाषेत हा ढग जास्त खोटं बोलतो, आणि त्याचं कारण व्याकरणात आहे. आणि तेच मला मजेशीर वाटतं.

सातवीच्या मुलांनी "पाणी" या विषयावर लिहिलेले निबंध मी एकदा टाइप करून घेतले आणि सगळे एकत्र एका टूलमध्ये टाकले. विषय पाणी, प्रत्येक निबंधात पाणीच पाणी, तर मधोमध काय यायला पाहिजे? मधोमध आला "आहे". मग "आणि". मग "खूप". मग "पण". "पाणी" कुठेतरी चौथ्या-पाचव्या रांगेत, मध्यम आकाराचा. मुलं म्हणाली बाई हे टूल बिघडलंय. बिघडलेलं नव्हतं. मुलांनी लिहिलं होतं पाण्याचा, पाण्याची, पाण्याचे, पाण्याने, पाण्यात, पाण्यातून, पाण्यासाठी, पाण्यामुळे, पाण्यावाचून, पाण्याशिवाय, आणि मशीनला हे सगळे वेगवेगळे शब्द. आपण प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटवून लिहितो, चिकटवताना शब्दाचं सामान्यरूप करतो, पाणीचं पाण्या होतं, शाळाचं शाळे होतं, त्यामुळे नुसती शेपटी कापूनही भागत नाही. हिंदीत "पानी में", "पानी से" असं सुटं लिहितात, तिथे निदान "पानी" तरी शाबूत राहतो. आपल्याकडे नाम जितकं वाक्यात काम करतं तितके त्याचे तुकडे जास्त होतात, आणि जितके तुकडे जास्त तितकं ते ढगात बारीक.

मग मोठं कोण होतं? जे कधीच बदलत नाही ते. आणि, पण, खूप, फार, नेहमी, म्हणून. म्हणजे अव्ययं! ज्याचा व्यय होत नाही ते अव्यय अशी व्याख्या आपण दरवर्षी फळ्यावर लिहितो, मुलं घोकतात, आणि कुणालाच ती कळलेली नसते. इथे ती भिंतीवर चार फुटांच्या अक्षरात उभी होती. मराठीतला वर्ड क्लाउड म्हणजे, आहे-होता सारखी क्रियापदं सोडली तर, जवळजवळ अव्ययं मोठी करून दाखवायचं मशीन आहे. निबंधाचा आशय दाखवायला निकामी, पण अव्यय शिकवायला याच्याइतकं भारी साधन मला दुसरं मिळालेलं नाही.

यावर उपाय आहे ना, असं म्हणाल. बिनमहत्त्वाचे शब्द गाळायची यादी द्यायची, मशीन ते मोजणार नाही. इंग्रजीसाठी अशा याद्या टूलमध्ये आधीपासूनच असतात. मराठीची बऱ्याचदा नसते, आपली आपण द्यावी लागते. ठीक आहे, देऊ. पण त्यात काय टाकायचं? "आहे" टाका, "आणि" टाका. "नाही"चं काय करायचं? इंग्रजीच्या बऱ्याच प्रचलित याद्यांमध्ये गाळायचे म्हणून नकाराचे शब्दही असतात. माझ्या त्या तासाला अशी यादी लावलेली असती तर भिंतीवर "नाही" आलाच नसता. ११ मुलांचं म्हणणं अर्धं राहिलं नसतं, पूर्ण उलटं झालं असतं, आणि कडेला उभा दिसणारा तो नारिंगी पुरावाही गेला असता.

अजून एक गोष्ट सांगते, ही माझ्या पुतण्याने करून दाखवली, तो प्रोग्रॅमिंग शिकतो. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वर्ड क्लाउड करायची एक बरीच वापरली जाणारी लायब्ररी (म्हणजे तयार कोडचा संच) आहे. तिच्यात मराठी मजकूर जसाच्या तसा टाकला तर आधी नुसते चौकोन येतात, कारण तिच्याबरोबर येणाऱ्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. देवनागरी फॉन्ट दिला की अक्षरं येतात आणि वाटतं झालं काम. पण नीट वाचलं की हसावं की रडावं कळत नाही. शब्द ओळखायचा तिचा जो नियम आहे त्याच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त हे अक्षरंच नाहीत, त्यामुळे तिथे-तिथे ती शब्द तोडते, आणि एकटं उरलेलं अक्षर तिच्या काही आवृत्त्या टाकूनही देतात. "शाळा"चे उरतात श आणि ळ, दोन्ही एकटे, म्हणून शाळा गायब. "पाणी" गायब. "भाषा" गायब. "शिक्षण"चा उरतो "षण". "समाज"चा "सम". "मराठी" टाकलं की उरतं "मर". खोटं वाटेल, पण करून बघा. सुखरूप कोण राहतं तर घर, मन, जग, बदल, सरळ, ज्यांच्या अंगावर एकही काना-मात्रा नाही ते. पहिलीच्या पुस्तकातले पहिले धडे असतात ना, कमल नमन कर, तेवढीच मराठी त्या मशीनला येते. (नियम बदलता येतो, पुतण्याने बदललाही, पण तो बदलायचा आहे हे आधी कळायला पाहिजे, आणि ते कळण्यासाठी आलेला ढग कुणीतरी वाचला पाहिजे.)

बरं, हे झालं लांबलचक मजकुराचं. वर्गात जास्त चालतो तो दुसरा प्रकार, लाइव्ह. प्रश्न टाकायचा, मुलं मोबाइलवरून किंवा टॅबवरून एकेक शब्द पाठवणार, ढग समोर वाढत जाणार. याच्या बाजूने जे बोललं जातं त्यातलं एक मला मनापासून पटतं. न बोलणारं मूल इथे बोलतं. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, वर्षभरात तिने हात वर केलेला मला आठवत नाही, पण अशा एका तासाला "युद्ध म्हटल्यावर काय आठवतं" यावर ढगात "वाट बघणं" असा एक बारीक शब्द आला (त्या टूलने दोन शब्द तोडले नाहीत, नशीब), मी विचारलं हे कुणी लिहिलं, तर तिने हात वर केला. नाव दिसत नाही म्हणून ती लिहू शकली. हे फळ्यावर झालं नसतं, मान्य.

पण तिचा शब्द बारीक होता. तेच तर म्हणतेय मी. चाळीस मुलांत "वाट बघणं" एकीलाच सुचलं आणि बावीस जणांनी "बंदूक" लिहिलं, म्हणून बंदूक भिंतभर आणि ती कोपऱ्यात. मशीनच्या हिशेबाने सगळ्यांना सुचतं ते महत्त्वाचं. वर्गात शिक्षकाचं काम याच्या नेमकं उलटं असतं. मी त्या दिवशी तो बारीक शब्द वाचला कारण माझी नजर गेली, नसती गेली तर तो गेला होता. आता तर मी मुद्दाम सगळ्यात बारीक अक्षरांपासून वाचायला सुरुवात करते.

शिवाय समोर वाढणारा ढग बघत बघत उत्तर देणं म्हणजे शेजाऱ्याच्या वहीत बघूनच लिहिणं, फक्त इथे शेजारी चाळीस आहेत आणि परवानगी बाईंनीच दिलीय. सॉलोमन ॲशचे १९५० च्या दशकातले प्रयोग बऱ्याच जणांनी बीएडला वाचले असतील. रेघांच्या लांबीचा अगदी सोपा प्रश्न, पण खोलीतले बाकीचे सगळे (ते आधीच ठरवून बसवलेले) ठासून चुकीचं उत्तर देतात, आणि साधारण तिसरा हिस्सा वेळा खरा माणूसही त्यांच्यासारखंच चुकीचं सांगतो. तेच उत्तर गुपचूप कागदावर लिहायला दिलं की हे प्रमाण बरंच कमी होतं. लाइव्ह ढगात पहिले पाच-सहा शब्द कुणाचे येतात? ज्यांचं टायपिंग फास्ट आहे त्यांचे. मग बाकीचे भिंतीकडे बघतात, "छान" मोठं होतंय, आपणही छान लिहू, म्हणजे अजून मोठं होईल. मुलांना तो खेळ वाटतो, आणि तो खेळच आहे. आपण मात्र खाली लिहितो, विद्यार्थ्यांचा प्रतिसाद.

खेळावरून आठवलं, नाव दिसत नाही म्हटल्यावर काय काय येतं ते ज्याने वर्ग घेतलाय त्याला सांगायला नको. टूलमध्ये शिव्या गाळायची सोय असते, पण तिला मराठी शिव्यांची श्रीमंती माहीत नाही, आणि माहीत असली तरी एक वेलांटी इकडची तिकडे केली की ती फसते. एकदा एक शब्द इतका मोठा झाला की मी प्रोजेक्टरच्या भिंगासमोर वही धरून उभी राहिले. यावर जास्त लिहीत नाही. मुलांचा डेटा कुठे जातो हा प्रश्नही आहेच, खाली लिहिलेलं न वाचता आपण "मान्य" दाबतो, मीही दाबलंय.

मग माझी एक मैत्रीण म्हणते, तू उगाच डोक्याला ताप करून घेतेस, ते आइसब्रेकर आहे, मुलं खूश होतात, पाच मिनिटांत तास रंगतो, त्यात एवढं आकडे-व्याकरण कशाला. तिचं बरोबर आहे, जर ते तासाच्या सुरुवातीला असेल तर. सुरुवातीला ढग दाखवला की तो प्रश्न असतो, त्यातून पुढे काहीतरी निघणार असतं. शेवटी दाखवला की तो निकाल होतो. तेच चित्र, तोच आकार, पण शेवटी आलं की त्याच्यावर कुणी प्रश्न विचारत नाही, कारण घंटा झालेली असते आणि चित्र सुंदर असतं. माझ्या त्या प्रयोगांच्या तासाला तोच ढग जर तास संपायच्या तीस मिनिटं आधी आला असता आणि मी विचारलं असतं, "हा नाही कुणाचा आहे रे? कशाला जोडायचा?", तर त्या ११ मुलांना तिथल्या तिथे कर्मणी प्रयोग परत शिकवता आला असता. मी ते दुसऱ्या दिवशी शिकवलं. पाहुणे गेले होते तेव्हा.

म्हणून आता माझ्या वर्गात जे चालतं ते सांगते, पटलं तर घ्या. लाइव्ह करायचं असेल तर सगळ्यांची उत्तरं येईपर्यंत पडदा बंद. बऱ्याच टूलमध्ये निकाल लपवायची सोय असते, नसेल तर प्रोजेक्टरवर कागद. आधी एकट्याने लिहायचं, मग शेजाऱ्याला सांगायचं, मग भिंतीकडे बघायचं (हे माझं नाही, फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्येच मांडलेलं आहे). आणि मूळ यादी ढगाच्या शेजारी उघडी ठेवायची, म्हणजे कुठलाही शब्द उचलला की तो कुठल्या वाक्यातून आला ते लगेच बघता येतं.

दुसरं, ज्याचा त्याचा निबंध, ज्याचा त्याचा ढग. वर्गाचा नाही, एकट्याचा, आणि फक्त त्यालाच दाखवायचा. एका मुलाने सहलीवर दीड पान लिहिलं होतं, टूलमध्ये टाकलं तर पडद्यावर "खूप" आणि "मग" असे दोन राक्षस, बाकी सगळं मुंग्यांएवढं. खूप म्हणजे मोजून १४ वेळा. मी आजवर त्याच्या वहीत "शब्दांची पुनरावृत्ती टाळ" असं लाल पेनाने किती वेळा लिहिलं असेल, त्याने ते कधी वाचलंही नसेल. ढग बघून तो स्वतःच म्हणाला, "एवढं खूप?" आणि घरून परत लिहून आणलं, त्यात खूप चारदा होतं आणि एका ठिकाणी "पायाला फोड येईपर्यंत चाललो" असं होतं. इथे हे यंत्र बरोबर बसतं, कारण खूप बदलत नाही, मग बदलत नाही, मशीन जे मोजू शकतं नेमकं तेच मोजायचं होतं.

आणि तिसरं, मशीन चुकतं तिथे ते मुलांच्या हातात द्यायचं. पाण्याच्या निबंधांचा तो बिघडलेला ढग मी फेकला नाही. त्यातून पाण्याचा, पाण्यात, पाण्यामुळे असे सगळे शब्द मुलांना शोधायला लावले, वहीत एका खाली एक लिहायला लावले, प्रत्यय कुठला, शब्दयोगी कुठलं, सामान्यरूप कुठलं, पेन्सिलीने उभी रेघ मारून वेगळं करायचं, आणि मग बेरीज. पहिल्यांदा ७९ आली, दुसऱ्या गटाची ८३, मग भांडण कुणाची बरोबर. एका गटाने "पाणथळ" धरला होता, दुसऱ्याने सोडला होता. पाणवठा चालतो मग पाणथळ का नाही. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकाने निबंधातली ओळ वाचून दाखवली, कुणीतरी आजोबांबद्दल लिहिलं होतं, आणि विचारलं, "बाई, डोळे पाणावले हे पाण्यात धरायचं का?"

अर्धा वर्ग हो म्हणाला, अर्धा नाही. मधली सुट्टी झाली तरी कुणी उठलं नव्हतं.